ऑगस्टची कच्ची नोंद

रेसिंग टीम चालवायला सगळ्यात जास्त काय लागतं, असं कुणी विचारलं की मी ‘टायर’ म्हणते. लोकांना वाटतं बाई गंमत करतेय. चार टायरच्या एका संचाला दोन लाख पडतात आणि तो पंचेचाळीस मिनिटांत संपतो. एका शर्यतीच्या तीन दिवसांत असे पाच संच जातात. त्यावर प्रवेश-फी, दोन ट्रकांचं भाडं, बावीस माणसांचं जेवणखाण, आणि कुणी गाडी भिंतीला घासली की पुढचा भाग नवा. एवढं करून जिंकलात तर हातात येतो चषक. तो पुसून कपाटात ठेवायचा. त्यावर कुठलीच बँक कर्ज देत नाही, मी विचारून बघितलंय.

तरीही मी टीम चालवली. कोल्हापुरात, उद्यमनगरात आमची फाउंड्री होती. माझे वडील, म्हणजे अण्णा, सहा दिवस पंपांचे भाग ओतायचे आणि सातव्या दिवशी गाड्या पळवायचे. ते गेले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. सगळी भावकी जमून सांगू लागली, वैजयंती, फाउंड्री सांभाळ, हा नाद विकून टाक. मी फाउंड्री विकली आणि नाद ठेवला. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. ‘चौगुले रेसिंग’ हाच माझा संसार, आणि तो कायम उसनवारीवर चाललेला. गाडीच्या अंगावर कधी मसालेवाल्याचं नाव, कधी बिल्डरचं, कधी साखर कारखान्याचं. पैसे मागायला गेलं की गुलाबाचं फूल आणि नारळ मिळायचा. माझ्याकडे नारळांची वानवा कधीच नव्हती.

२०४१ साली मात्र आमचं नशीब उघडलं. ‘सह्यकवच विमा’ नावाची कंपनी आपण होऊन दारात आली आणि वर्षाचा जवळजवळ सगळा खर्च उचलते म्हणाली. त्यांना गाडीवरच्या नावाचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना आमचं स्टिअरिंग हवं होतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. तोपर्यंत शर्यतीच्या गाड्यांत स्टिअरिंग आणि चाकं यांना जोडणारा दांडा उरला नव्हता. हाताची हालचाल विजेच्या इशाऱ्याने चाकांपर्यंत जायची, आणि रस्त्याचा धक्का हाताला कळावा म्हणून स्टिअरिंगच्या मागे एक छोटी मोटर असायची. स्टिअरिंगच्या कड्यात दाब मोजणारे धागे विणलेले होते. ड्रायव्हरची बोटं किती जोराने, कुठे, कशी दाबतात याच्या सेकंदाला हजार नोंदी व्हायच्या. इंजिनाची थरथर वेगळी, रस्त्याची वेगळी आणि माणसाच्या हाताची वेगळी. ती एकमेकींपासून सोडवता आली की हातामागचा मेंदू वाचता येतो. कुणाला झोप कमी आहे, कुणाची नजर मंदावतेय, कुणाला दहा वर्षांनी कुठला आजार होणार आहे, हे सगळं त्या नोंदीत असतं. उद्या साध्या मोटारींतही अशीच स्टिअरिंग येणार होती, आणि त्याआधी विमा कंपनीला निरोगी हाताचा उत्तम नमुना हवा होता. शर्यतीच्या ड्रायव्हरपेक्षा चांगला नमुना कुठला? करारात एकच अवघड कलम होतं. ड्रायव्हरच्या नोंदीत आजार सापडला तर त्याला उतरवायचं आणि कंपनी त्याच दिवशी मोकळी. मी ते वाचलं, हसले आणि सही केली. माझ्या ड्रायव्हरला काय धाड भरली होती?

माझा ड्रायव्हर इंद्रजित लोहार. त्याचे वडील आमच्या फाउंड्रीत साचे करायचे. तो तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता आणि चौदा वर्षं माझ्याच गाडीत बसत होता. दुसऱ्या टीमने दुप्पट पैसे देऊ केले, ते त्याने नाकारले आणि ती गोष्ट मला वर्षभराने सांगितली, तीही भांडताना. मला आक्का म्हणायचा. मला सख्खा भाऊ नाही, आणि हे वाक्य मी त्याच्याबद्दल बोलताना मुद्दाम लिहितेय.

सतरा ऑगस्टला, दुसरी शर्यत होऊन चार दिवस झाले होते, तस्लीम माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. तस्लीम म्हणजे आमचे मुख्य मिस्त्री दस्तगीर चाचा यांची मुलगी. बाप गाडीचं लोखंड बघायचा, लेक गाडीतले आकडे. तिने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या.

“आक्का, ही थरथर गाडीची न्हाई. मी चारदा तपासलं. इंद्राभाऊंच्या उजव्या हातातनं येतीया.”

“दमला असंल.”

“दमल्यावर हात सेकंदाला आठ-दहा वेळा हलतो. हे पाच हाय. आणि पहिल्या शर्यतीपेक्षा दुसरीत वाढलंय.” तिने खालच्या रेघेवर बोट ठेवलं. “कंपवाताची सुरुवात अशीच असती.”

मी म्हटलं, त्याचा हात तर दगडासारखा स्थिर आहे. ती म्हणाली, डोळ्यांना दिसायला अजून वेळ आहे. आताची हालचाल केसाच्या जाडीपेक्षाही कमी, वार्षिक तपासणीत डॉक्टरांनाही सापडणार नाही.

मग तिने बाकीचं सांगितलं. कंपवातात मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडतं, त्याच्या गाठी होतात, आणि बिघडलेली पेशी शेजारणीला बिघडवते. ही साखळी तोडणारं इंजेक्शन दोन वर्षांपूर्वी आलं होतं. पण ते मेलेल्या पेशी परत आणत नाही. हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या निम्म्याहून जास्त पेशी जिवंत असतील तर आजार आहे तिथेच थांबतो आणि माणूस जन्मभर धडधाकट राहतो. निम्म्याखाली गेलं की उरलेल्या पेशी जास्तीच्या कामाच्या भारानेच मरत जातात, मग इंजेक्शन घेऊन फारसा उपयोग नाही. हाताच्या थरथरीवरून किती पेशी उरल्यात याचा अंदाज बांधता येत होता.

“इंद्राचं किती?”

“अठ्ठावन्न टक्के.”

“पन्नासवर यायला किती दिवस?”

“कुणाला दोन वर्षं, कुणाला तीन म्हैने. कुणीच सांगू शकत न्हाई.”

मी त्यातली दोन वर्षं ऐकली.

आमच्या टीमचा एक नियम होता. अण्णांनी घातलेला. गाडीतला जो दोष शर्यतीआधी दुरुस्त होण्यासारखा नाही, तो ड्रायव्हरला सांगायचा नाही. ड्रायव्हरला दोष कळला की तो गाडी चालवत नाही, दोषच चालवतो. एकदा गिअरबॉक्सचा एक दात गेला होता. अण्णांनी सांगून टाकलं आणि ड्रायव्हर भिऊन सातवा आला. पुढच्या वेळी तसंच झालं तेव्हा चाचांनी तोंड मिटून गिअरची जुळणी बदलली, ड्रायव्हर जिंकला, आणि खाली उतरून म्हणाला आज गाडी लोण्यासारखी होती. तेव्हापासून दोष मिस्त्रीने गिळायचा आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारायची. तीस वर्षं आम्ही असंच करत आलो होतो, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

मी तस्लीमला म्हटलं, “चार शर्यती राहिल्यात. जानेवारीत हंगाम संपला की मी स्वतः त्याला डॉक्टरांकडं नेते.”

“आक्का, तो गिअरबॉक्स न्हाई.”

“बावीस घरं चालतात यावर. तुझं पण.”

हे मी बोलले. तिचा चेहरा उतरला तो मला आजही दिसतो. शेवटी तोडगा तिनेच काढला, कारण मी तिला खोलीबाहेर जाऊ देत नव्हते. स्टिअरिंगमागची मोटर रस्त्याचा धक्का हाताला देते, तशी ती हाताचा कंप उलट्या धक्क्याने मारूही शकते. कडं हलायला लागायच्या आत मोटर त्याला धरून ठेवणार. मोटरनंतरची नोंद स्वच्छ निघणार आणि ती कंपनीला जाणार. मोटरआधीची कच्ची नोंद आमच्या कपाटात राहणार. धोका काही नाही, उलट गाडी जास्त सरळ पळेल, असं ती खाली मान घालून म्हणाली. चाचांना आम्ही सांगितलं की वळणावरच्या कडांचे हादरे कमी करायला ही नवी सोय केलीय.

सप्टेंबरात कागलच्या माळावर तिसरी शर्यत झाली. इंद्रजित दुसरा आला. गाडीतून उतरला तो खूश होता.

“चाचा, काय केलंयसा स्टिअरिंगला? गाडीत बसलं की हात कसं गार पडत्यात. हितं भाईर जरा कुरकुरत्यात, पण गाडीत एकदम ब्येस!”

चाचा खुलले. तस्लीम तिथून निघून गेली. मी इंद्रजितच्या पाठीवर थाप मारली.

त्याच दिवशी गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, उभी असताना क्लच जळाला. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून पळालो. इंद्रजित गाडीशेजारी उभा राहून केळं खात होता. “काय झालं रं?” म्हणून आम्हालाच विचारत होता. पोरं हसली. मीही हसले. वास न येणं हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण आहे, हे मी महिन्याभरात वाचून काढलं होतं, त्यामुळे माझं हसू सगळ्यात मोठं होतं.

नोव्हेंबरात कोइमतूरला आम्ही जिंकलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा राष्ट्रीय शर्यत जिंकलो. शेवटच्या फेरीत त्याने पुढच्या गाडीला बाहेरच्या बाजूने गाठलं आणि वळणावर गाडी अशी धरली की समालोचक बोलायचाच थांबला. सह्यकवचच्या साहेबांनी तिथेच माझ्या कानात सांगितलं की आता तीन वर्षांचा करार करू. मी रडले. लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होताच, खोटं कशाला बोलू? त्या तासाभरात ऑगस्ट महिना माझ्या डोक्यातून पार पुसला गेला होता.

इंद्रजितची बायको केतकी त्या शर्यतीला आली होती. ती शाळेत शिकवते. तो चाहत्यांच्या टोप्यांवर सह्या करत बसला होता, आणि ती एक टोपी हातात घेऊन माझ्याकडे आली.

“आक्का, यांचं अक्षर बारीक नाही का झालं? पाचवीच्या पोरांच्या वह्या रोज तपासते मी. अक्षर असं एकाएकी बदलत नाही कुणाचं.”

“दोनशे टोप्या झाल्या बाई त्याच्या. तू करून बघ दोनशे सह्या.”

ती हसली आणि म्हणाली, “ते पण खरंच.” तिचा माझ्यावर विश्वास होता. असायलाच हवा होता. तिच्या लग्नात मुलाकडून कलवरी मी होते.

डिसेंबरात तस्लीमने नोकरी सोडली. पुण्याला चांगली संधी आहे असं तिने बापाला सांगितलं. मला म्हणाली, “आक्का, तुम्ही सांगणार हाय म्हणून मी गप बसले. सांगा. लौकर सांगा.” मी हो म्हटलं. जानेवारीत हंगाम संपला, आम्ही एकंदर दुसरे आलो. मग वाटलं, करारावर सही होऊन जाऊ दे. सही वीस फेब्रुवारीला झाली. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर कंपनीला शंका येईल, एक महिना जाऊ दे. खरं सांगायचं तर तोवर मला पैशांची नाही, त्याच्या तोंडाची भीती वाटू लागली होती. ऑगस्टमध्ये सांगायला जीभ जड होती, मार्चपर्यंत ती जागेवरून हलेना. कच्ची नोंद मी नोव्हेंबरनंतर उघडलीच नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सकाळी माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला आणि उजवा हात डाव्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

“आक्का, घाबरू नगंस. जरा गडबड हाय. चहाचा कप हातात राहिना म्हणून मिरजेला डॉक्टर हेर्लेकरांना दाखवलं. त्यास्नी कंपवाताची शंका हाय.”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. त्याला वाटलं मला धक्का बसला, म्हणून तोच मला धीर देऊ लागला. आता इंजेक्शन निघालंय, लवकर सापडलं तर बरं होतं, डॉक्टर चांगले आहेत.

“फकस्त त्यांना बघायचं हाय की कधीपासनं सुरू झालं. त्यावरनं औषध ठरतंय. म्हणाले, तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगची जुनी नोंद असंल तर लई उपयोग होईल. हाय न्हवं आपल्याकडं?”

होती. दोन होत्या. स्वच्छ नोंद दिली असती तर त्याला काहीही कळलं नसतं. त्या नोंदीत त्याचा हात जानेवारीपर्यंत निरोगी होता. डॉक्टरांनी आजार नुकताच लागला असं धरून इंजेक्शनाचा जबर डोस दिला असता, उपयोग झाला नसता, आणि त्या डोसाने हृदयावर ताण येतो तो वेगळाच. माझं नाव मात्र स्वच्छ राहिलं असतं. मी पाच-सात मिनिटं कपाटापाशी उभी होते. या पाच-सात मिनिटांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण तेवढा वेळ मी खरोखर विचार करत होते.

मग मी कच्ची नोंद काढली आणि त्याला म्हटलं, “चल, मी पण येते.”

डॉक्टर हेर्लेकरांनी ती पडद्यावर टाकली. जून ते जानेवारी, सहा शर्यती. उतरती रेघ होती, आणि मधून पन्नास टक्क्यांची आडवी लाल रेघ गेलेली. डॉक्टरांनी ती पुन्हा एकदा पहिल्यापासून बघितली. मग चष्मा काढून म्हणाले, “आता बेचाळीस टक्क्यांच्या आसपास असेल. इंजेक्शनाचा फायदा होण्याची वेळ गेली. गोळ्यांनी काही वर्षं हात ताब्यात ठेवता येईल. गाडी चालवणं मात्र बंद करावं लागेल, साधीसुद्धा.”

इंद्रजितने विचारलं, “वेळ कधी गेली?”

डॉक्टरांनी बोट ठेवलं. “ही रेघ इथं खाली आलीय. चौदा नोव्हेंबर.” मग सहज विचारल्यासारखं ते माझ्याकडे वळले. “इतकी स्पष्ट नोंद आहे, ऑगस्टमध्येच दिसतंय. कुणी बघितली नव्हती का?”

मी खाली बघितलं. इंद्रजित माझ्याकडे बघत राहिला. चौदा वर्षं एका गाडीवर काम केलेल्या माणसांना एकमेकांना फार सांगावं लागत नाही.

बाहेर येऊन तो माझ्या मोटारीत शेजारच्या जागेवर बसला. आजवर मी चालवतेय आणि तो शेजारी बसलाय असं कधी झालं नव्हतं.

“चौदा नोव्हेंबर म्हंजे कोइमतूर,” तो म्हणाला.

“हो.”

“तुला ठाव हुतं?”

“ऑगस्टपासनं.”

सांगली रस्त्याला लागल्यावर त्याने खिडकीची काच वर घेतली. मग म्हणाला, “का न्हाई सांगितलंस?”

या प्रश्नाचं उत्तर मी सात महिने तयार केलं होतं. बावीस घरं, अण्णांचा नियम, करारातलं कलम, दोन वर्षांचा हिशेब.  “टीम बंद पडली असती,” एवढंच म्हणाले.

“मग पडू द्यायची की,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. एवढी सोपी गोष्ट मला कशी सुचली नाही याचंच त्याला नवल वाटत होतं. “मी रिक्षा चालवली असती, आक्का.”

मी गाडी बाजूला घेतली आणि रडले. तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याने मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याने दिली नाही, आणि गप्प बस म्हणूनही सांगितलं नाही.

त्याच्या घराखाली गाडी थांबवली तेव्हा तो उतरला नाही.

“केतकीला तू सांग,” तो म्हणाला. “माझ्यानं व्हायचं न्हाई. सगळं सांग. माझ्यासाठी म्हणून काय बी लपवू नगंस.”

दोन जिने चढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. केतकी नुकतीच शाळेतून आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा काढलेली नव्हती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

“आक्का! या ना. चहा टाकते. हे कुठायत, खालीच राहिले का?”

“चहा नको. तू बस.”

ती बसली. माझ्या तोंडाकडे बघून तिने पर्स हळूच बाजूला ठेवली. मी तिला आजाराचं नाव सांगितलं. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले, मग लगेच सावरली. शिक्षकांची सवय असते, आधी पुढचा प्रश्न विचारायचा.

“पण आता इंजेक्शन आहे ना? पेपरात वाचलं होतं मी. बरे होतील ना हे, आक्का?”

“झाला असता,” मी म्हणाले. “मी ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर.”